जावईबापूंनी निवडलेली वायर

"कॉपर ते कॉपर! एक एमएम असो नाहीतर चार एमएम," दाजी म्हणाले आणि बुटाच्या टोकानं त्यांनी जाड वायरची लाल गुंडाळी बाजूला सारली. "मामा, दुकानदार काय, जाड तेच गळ्यात मारणार. तुम्ही कापडवाले. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

मामा म्हणजे माझे सासरे, विश्वंभर धारूरकर. जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. गिऱ्हाइकानं जास्त कापड मागितलं तर खूश व्हायचं आणि स्वतःवर घ्यायची वेळ आली की वीतभर कमीच फाडायचं, हा त्यांचा धर्म. त्यांनी लगेच मान डोलावली.

बार्शीत परांडा रोडला आमचं नवं घर उठत होतं. भिंती फोडून पाइप बसवले होते, प्लास्टर व्हायचं होतं, आणि सिद्राम वायरमन खाली उकिडवा बसून दोन गुंडाळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. एक बारीक, एक जाड.

"मामा," मी म्हटलं, "माझी भट्टी तीन हजार वॅटची आहे. तिला चार एमएमची वेगळी लाइन लागते. स्वयंपाकघराच्या लाइनीवर चालायची नाही ती."

"होय होय, भट्टीला वेगळीच पाहिजे," सिद्राम म्हणाला.

"कशाला वेगळी? फ्रिज, मिक्सर, भट्टी, सगळं एका लाइनीवर घे. एक एमएम बास झाली," दाजी म्हणाले.

"होय होय, एका लाइनीवर बसतंय की," सिद्राम म्हणाला. हा माणूस शेवटचा जो बोलेल त्याचा. त्याला चौकात उभा केला असता तर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांशी सहमत होऊन संध्याकाळी घरी गेला असता.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे, कुमुदचे यजमान. नाव भालचंद्र, पण जावयाला नावानं हाक मारायची पद्धत धारूरकरांत नाही. म्हाताऱ्यांचे ते जावईबापू आणि बाकी सगळ्यांचे दाजी. कुर्डुवाडीला विजेच्या ऑफिसात नोकरीला होते. तिथं ते बिलं वाटणाऱ्या पोरांची हजेरी मांडायचे. आयुष्यात कधी पकड हातात धरली असेल तर नारळाची शेंडी उपटायला. पण विजेचं ऑफिस ते विजेचं ऑफिस! आमच्याकडे बल्ब गेला तरी आधी कुर्डुवाडीला फोन लागायचा.

मी वैरागच्या पिठाच्या गिरणीत वाढलेली. माझे अण्णा मोटार सुरू करायच्या आधी बोर्डावर हाताची मागची बाजू टेकवून बघायचे. गरम लागला तर गिरणी बंद, मग बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागो नाहीतर पाटील येवो. बारीक वायरीवर जड ओझं टाकलं की ती तापते, तापली की वरचं प्लास्टिक वितळतं, आणि मग आग लागते. यात काही वेदान्त नाही. हे मी चौथीत असताना शिकले.

पण सांगते कोणाला! सून बोलली म्हणजे खर्च बोलला. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर एक गाढव सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

"जावईबापूंनी सांगितलं म्हणजे झालं," मामा म्हणाले. "सिद्राम, घाल ती बारीक."

"होय होय," सिद्राम म्हणाला.

आणि लाल जाड गुंडाळी दुकानात परत गेली.

भट्टीचं सांगते. माझ्या दोन पाटल्या मोडून ती घेतली होती. भाड्याच्या घरात मी गॅसवर, कुकरात वाळू घालून नानकटाई भाजायची. बार्शीतल्या तीन दुकानांत ती जायची, पण कुकरात किती भाजणार? सोलापूरला एक बेकरी बंद पडत होती, तिथली विजेची भट्टी उचलून आणली. नव्या घरात ती ठेवायला मामांनी एकाच अटीवर हो म्हटलं होतं. "घराला त्रास झाला, की भट्टी बाहेर." मी म्हटलं, बरं. घराला त्रास कोण देणार आहे ते तेव्हा कुठं माहीत होतं?

राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात एमसीबी, म्हणजे ओझं जास्त झालं की आपोआप बंद होणारा खटका, पडायला लागला. भट्टी लावली, खट्! पडला. वर करायचा, भट्टी तापायला आली, की खट्! नानकटाई अर्धी कच्ची, अर्धी करपलेली. मी पंखा बंद करून बघितला, फ्रिज बंद करून बघितला. फ्रिज बंद केला की चालायचं, पण मग आत्यांचं दूध नासायचं. आत्या म्हणजे सासूबाई. त्यांचा जीव त्या दुधाच्या पातेल्यात.

"मामा, वायर बारीक आहे म्हणून पडतोय तो. राखण करतोय बिचारा," मी म्हटलं.

मामांनी कुर्डुवाडीला फोन लावला. अर्धा तास बोलले. फोन ठेवून म्हणाले, "जावईबापू म्हणाले, एमसीबी हलका लागलाय. सोळा अँपिअरचा आहे, तो काढून बत्तीसचा टाका. मग पडायचं नाव घेणार नाही."

मी डोक्याला हात लावला. घरात चोर शिरला म्हणून कुत्रं भुंकतंय, तर ह्यांनी कुत्र्याला झोपेची गोळी घालायची ठरवली! मी सिद्रामला दारातच अडवलं. "अरे, वायर तीच ठेवून वरचा मोठा केलास, तर वायर जळेल तरी तो पडायचा नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय की वहिनी. लई डेंजर आहे ते," सिद्राम म्हणाला.

"सिद्राम, बत्तीसचा आणलास का?" मामा आतून ओरडले.

"होय होय, आणलाय की," म्हणत तो आत गेला आणि बसवून मोकळा झाला.

खरंच पडायचं थांबलं. मामा दिवसातून दोनदा बोर्डापुढं उभे राहून कौतुकानं बघायचे. "बघा! ह्याला म्हणतात अनुभव." मी रोज भट्टी लावायच्या आधी बोर्डाला हात लावून बघायची. कोमट लागायचा. अर्धा तास झाला की गरम. मग मी भट्टी बंद करायची, थांबायची, परत लावायची. एवढं करून दुकानांत माल उशिरा जायला लागला. एका दुकानदारानं दुसरीकडून नानकटाई घेणं सुरू केलं. रडू यायचं हो मला, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी ज्येष्ठात अधिक महिना आला. बार्शीचं ऊन, आणि त्यात अधिक! मुलगी-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं. जावई म्हणजे नारायण, मुलगी म्हणजे लक्ष्मी. पाय धुवायचे, ओवाळायचं, तेहतीस अनारसे दिव्यासकट द्यायचे. नव्या घरातलं पहिलंच धोंडं, म्हणून मामांनी एरवी कधी सुटली नसती ती मूठ सोडली आणि दिवाणखान्यात एसी बसवला. जावईबापूंना घाम येऊ नये! एसीची लाइन कुठून घेतली? स्वयंपाकघराच्या त्याच बोर्डातून. भिंत एकच होती ना.

मी म्हटलं, "मामा, आता मात्र हे पेटेल."

मामांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "हेमा, एसी आला तेव्हा तुला पेटायचं सुचलं. भट्टी आली तेव्हा नाही सुचलं. पांगरीचा एक बेकरीवाला आहे, त्याला भट्टी पाहिजे. सोमवारी येतोय बघायला. रोजची कटकट नको मला. आणि उद्या सणाच्या दिवशी ती लावायची नाही. तिचा प्लग काढून ठेव."

मी प्लग काढला. वायर गोल गुंडाळून भट्टीच्या डोक्यावर ठेवली. हे जवळच उभे होते. "अहो, काहीतरी बोला ना," मी म्हटलं. हे म्हणाले, "उद्याचा दिवस जाऊ दे. जावयाच्या दिवशी वाद नको." आमच्या ह्यांच्या आयुष्यात वाद घालायला योग्य असा दिवस अजून उगवायचा आहे.

दुसऱ्या दिवशी दाजी आले ते हातात मोठं खोकं घेऊन. "आत्या, तुमच्यासाठी विजेची शेगडी. गॅसच्या दोन चुलींवर एवढा स्वयंपाक कसा उरकायचा? लावा, आजच लावा." झालं! दोन हजार वॅटची शेगडी. जावयाची भेट म्हटल्यावर ती न लावण्याची कोणाची छाती? लागली त्याच बोर्डाला.

एव्हाना बाहेर एसी घुमत होता. फ्रिज होताच. एका बाजूला मिक्सरवर चटणी फिरत होती. आणि शेगडीवर कढई ठेवून कुमुद अनारसे तळायला बसली. माहेरपणाला आलेली लेक, पण अनारसे तिच्या हातचे जाळीदार होतात म्हणून तिलाच बसवलं होतं. कुमुद बोलायची कमी. नवरा जवळपास असला की आणखी कमी. मी दोनदा म्हटलं, "वन्सं, उठा, मी तळते." ती नुसती मान हलवायची.

मी बोर्डाला हात लावला आणि झटकन काढला. चटका बसला. बाहेर जाऊन मी मामांच्या कानाशी म्हटलं, "घटकाभर एसी बंद करूया. बोर्ड तापलाय."

"जावयाला घाम फोडायचा? आज?" मामा दातावर दात ठेवून म्हणाले. "आत जा."

बाहेर दाजी पाटावर बसले होते. पुढं रांगोळी, समोर भरलेलं ताट, समई. पाय धुऊन झालेले. आत्या औक्षणाचं तबक घेऊन उभ्या. मेन स्विच दाजींच्या बरोबर डोक्यावर, भिंतीत. वास्तूच्या नकाशात ती जागासुद्धा दाजींनीच सुचवलेली.

मी आत गेले तर वास आला. प्लास्टिक जळल्याचा. बोर्डाची पांढरी पाटी मधोमध तपकिरी पडत चालली होती. मी "वन्सं!" म्हणेपर्यंत आतून फडफड आवाज झाला आणि बोर्डाच्या कडेनं ठिणग्यांचा झुबका बाहेर आला. अगदी कुमुदच्या खांद्याशी. तिच्या पदरावर दोन-तीन ठिणग्या पडल्या. पुढ्यात उकळतं तूप.

मी तिला दंडाला धरून मागं ओढलं, पदर हातानंच चोळून विझवला आणि बाहेर धावले. ठिणग्या थांबायचं नाव नाही. बत्तीसचा तो गुणी एमसीबी ढिम्म! पडायचं नाही असं सांगून ठेवलं होतं ना त्याला.

"बाजूला व्हा दाजी!"

"अगं, अगं! ताट!" आत्या किंचाळल्या.

मी रांगोळीवर पाय दिला, जावईबापूंचं पुरणाचं ताट ओलांडलं, एक पाय त्यांच्या पाटावर टेकवला आणि मेन स्विच खाली ओढला. एसी बंद पडला. घरात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत मामांचा आवाज आला, "जावयाचं ताट ओलांडलं! सुनेनं!"

स्वयंपाकघराच्या दारातून काळा धूर बाहेर यायला लागला तेव्हा कुठं ते गप्प बसले. भिंतीवर बोर्डापासून वर हातभर काळा पट्टा उठला होता. आमचे हे ओलं पोतं घेऊन धावले आणि बोर्डावर टाकायला निघाले. मी हात धरून थांबवलं, "अहो, विजेवर पाणी नको," म्हटलं. कुमुद कोपऱ्यात पदराचं भोक बोटानं चाचपत उभी होती. भाजली नव्हती. नशीब.

सगळे धुराकडे बघत उभे. सिद्रामला बोलावणं गेलं, तो मागच्याच गल्लीत राहायचा, लगेच आला. त्यानं पाटी उघडली. आतली वायर वितळून एकमेकींना चिकटली होती.

"ही भट्टी!" मामा म्हणाले. "मी सांगत होतो. ह्या भट्टीनं घर जाळलं असतं आज."

"मामा, भट्टी बंद आहे," मी म्हटलं. "तुम्हीच काल प्लग काढायला लावलाय. तो बघा, डोक्यावर ठेवलाय."

मामांनी प्लगकडे बघितलं. मग म्हणाले, "परवा चालू होती ना? तिचा ताप राहिला असेल भिंतीत."

अहाहा! भिंतीत साठवलेला ताप! मला वाटलं, आता मात्र बोलायचं. इतके दिवस गिळलेलं सगळं बोलायचं. दाजींना विचारायचं, की बाबा रे, हजेरी मांडता मांडता तू वायरची जाडी कुठं शिकलास? कोणत्या अधिकारानं माझ्या पाटल्या, माझी दुकानं, तुझ्या बायकोचा पदर तू एक एमएमच्या वायरीला टांगलास? शब्द अगदी ओठांवर आले होते. शेजारपाजारचे चार लोक दारात जमले होते, म्हणजे ऐकायलाही माणसं होती.

दाजी पाटावरून उठले होते. चेहरा पांढराफटक. आणि मला वाटतं, माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ओळखलं होतं काय येणार आहे ते.

पण माझी नजर कुमुदकडे गेली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, जळक्या भिंतीकडेही बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. ठिणग्या अंगावर पडल्या तेव्हा सुद्धा एवढी घाबरली नव्हती. चार लोकांत दाजींची शोभा झाली असती आणि मी जिंकले असते. संध्याकाळी मी ह्या घरात राहिले असते आणि ती त्यांच्याबरोबर कुर्डुवाडीला गेली असती. तो राग कोणाच्या पाठीवर निघाला असता, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि त्या क्षणी मलाही समजलं.

मी गिळलं. तोंडात साखर घातली.

"दाजी," मी म्हटलं, "तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात नाही? सध्या एक एमएम पुरे, पण पुढं लोड वाढला की लगेच चारची टाकून घ्या म्हणून? आमच्याच लक्षातून गेलं बघा."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. बुडणाऱ्याला फळी मिळावी तसे त्यांचे डोळे झाले. "हो… म्हणजे… म्हटलंच होतं मी," ते म्हणाले. मग आवाज चढला. "अहो मामा, मी कानीकपाळी ओरडत होतो! लोड वाढला की वायर वाढवायची, हा साधा नियम आहे विजेचा!"

"होय होय, साहेब तेव्हाच म्हणाले होते," सिद्राम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं सहमत होणं माझ्या कामी आलं.

"आणि भट्टीला चार एमएमची वेगळी लाइन द्या, असंही म्हणाला होतात," मी म्हटलं. "एसीला वेगळी. आणि एमसीबी वायरीला बघून लावायचा, उगाच मोठा नाही."

"अर्थात! वायरीला बघूनच!" दाजी आता हात वर करून बोलत होते. "सिद्राम, एक एमएम फक्त दिव्या-पंख्याला. समजलं? स्वयंपाकघरातली सगळी काढ. भट्टीला चारची वेगळी, पार मेनपासून."

मी आत्यांकडे वळून म्हटलं, "पण आत्या, भट्टी तर सोमवारी जायची आहे."

"कशाला जायची?" दाजी म्हणाले. "वायर जाड टाकली की भट्टीचा काय त्रास? मामा, भट्टी काढू नका. माझा शब्द आहे."

धोंड्याच्या दिवशी नारायणानं तोंड उघडून मागितलं. मामांची काय बिशाद नाही म्हणायची! त्यांनी तिथल्या तिथं सिद्रामला वायरच्या दुकानाकडे पिटाळला आणि पांगरीला फोन करून सोमवारचं रद्द केलं. मग माझ्याकडे वळून मोठ्या समजुतीनं म्हणाले, "बघ हेमा. जावईबापूंनी एका शब्दात सोडवलं. तू एवढे दिवस नुसती भट्टी भट्टी करत होतीस."

"हो मामा," मी म्हटलं.

मी सुखानं म्हटलं असं समजू नका. राग आला होता, आज इतक्या वर्षांनी सांगतानाही येतो. आज त्या भट्टीच्या शेजारी आणखी दोन भट्ट्या आहेत, आणि दाजी कोणाच्याही वास्तुशांतीला गेले की भिंतीवर टिचकी मारून म्हणतात, "चारची टाका. आमच्या सासऱ्यांचं घर मीच वाचवलं." लोक माना डोलावतात. मीही डोलावते.

पण त्या दिवसाचं राहिलं. जेवणं अंगणात झाली, नव्यानं रांगोळी काढून, नव्यानं ताट वाढून. उरलेले अनारसे मी गॅसवर तळले. ऊन उतरल्यावर कुमुद निघाली. आत्या अंगणातली ताटं आवरत होत्या, म्हणून ओटी मी भरायला घेतली. बाहेर दाजी सिद्रामला वायर कशी ओढायची ते शिकवत होते, त्यांचा आवाज आत येत होता.

तांदळाची ओंजळ पदरात पडत असताना कुमुद हलकेच म्हणाली, "वहिनी, आमच्या घरी कधी येताय?"

"येईन की. एवढी काय घाई?"

तिनं दाराकडे एकदा बघितलं. "आमच्याकडेही ह्यांनी एक एमएमच टाकलीय. सगळीकडे. पोरांच्या खोलीत एसीला सुद्धा. पोरं झोपली की मी उठून बंद करते, आणि पहाटेपर्यंत भिंतीला हात लावून बसते."

माझी ओंजळ तशीच राहिली. "मग सांगत का नाही दाजींना?"

"मी सांगितलं तर काय होतं ते माहितीय मला," कुमुद म्हणाली. "तुम्ही या ना. येऊन त्यांना तेवढी आठवण करून द्या. की ते चारची टाका म्हणाले होते म्हणून."